दोन डिपर

लातूरला माझं मोटार ड्रायव्हिंग स्कूल आहे. नाव मोठं वाटतं. प्रत्यक्षात रस्त्याकडेची एक शटरची खोली, चौदा खुर्च्या, भिंतीवर चिन्हांचे तक्ते, आणि शिकवणाऱ्याच्या पायाखालीही ब्रेक असलेल्या दोन जुन्या गाड्या. वीसेक वर्षं झाली, संध्याकाळच्या बॅचला मी नियम सांगतो. शुक्रवारी रात्रीचे नियम असतात. अंधारात गाडी उभी करायची तर रस्ता सोडून आणि पार्किंग लाइट लावून. समोरून कुणी येत असेल तर अप्पर बंद करून डिपर. गाडी बंद पडली तर चारी इंडिकेटर चालू ठेवायचे आणि मागून येणाऱ्याला वेळेत दिसेल इतक्या अंतरावर लाल त्रिकोण उभा करायचा. एवढं बोलून माझा हात आपोआप भिंतीवरच्या खिळ्याकडे जातो. पूर्वी तिथं तो त्रिकोण टांगलेला असायचा, दुकानातून आणलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीसकट. मुलांना दाखवायचा आणि परत खिळ्याला लावायचा. आता तो तिथं नाही. का नाही, ते सांगायचं आहे.

बायकोचं माहेर भोकरचं. आठ वर्षांपूर्वी तिच्या भाच्याचं बारसं होतं म्हणून आम्ही दोघं स्कूलचीच गाडी घेऊन गेलो होतो. सकाळी मला बॅच होती, म्हणून मुक्काम न करता जेवून निघालो. भोकर सोडून नांदेडच्या रस्त्याला लागलो आणि थोड्याच वेळात हेडलाइट पिवळे पडत गेले, इंजिनच्या तापमानाचा काटा लालवर चढला. एका वळणापाशी, छोट्या पुलाच्या अलीकडे, गाडी बंद झाली. फॅनबेल्ट तुटला होता. गाडी अर्धी डांबरावर, अर्धी मातीत. पुढे पाण्याची चारी होती, त्यामुळे आणखी खाली घेता येत नव्हती.

मेहुण्याला फोन केला. तो म्हणाला, मिस्त्रीला पाठवतो, तासभर लागेल.

इथून पुढे मी जे केलं ते माझ्या कुठल्याही विद्यार्थ्यानं केलं असतं तर मी त्याला नापास केलं असतं. बॅटरी उतरली तर गाडी पुन्हा चालू व्हायची नाही, म्हणून मी सगळे लाइट बंद केले. इंडिकेटरही. त्रिकोण लातूरला भिंतीवर होता. मग सगळे करतात तेच मी केलं. पुलाच्या कडेचे दगड उचलून आणले आणि गाडीच्या मागे, उजव्या अंगाला, एकेक करून मांडले. चार झाले. पाचवा मोठा पाहिजे होता, सगळ्यांत मागे ठेवायला. मोबाइलच्या उजेडात पुलाखाली गवतात एक सापडला. तो दगड नव्हता, फुटलेल्या जात्याचा अर्धा भाग होता. मधल्या भोकाचा अर्धा गोल स्पष्ट दिसत होता. हातांनी उचलणं जड जात होतं म्हणून मी तो पायानं ढकलत आणू लागलो.

बायको गाडीतून म्हणाली, "अहो, जातं हाय ते. पाय नका लावू."

मी तो उचलला आणि नेऊन ठेवला. तिनं काचेतूनच त्याला हात जोडले.

मिस्त्री आला, बेल्ट चढवला, गाडी चालू झाली. तो त्याच्या मोटरसायकलवरून परत भोकरला गेला. मी गिअर टाकला तेव्हा बायको म्हणाली, "अहो, ती दगडं."

"राहू दे. सकाळी काढील कुणीतरी."

"पाचच तर हायेत."

"उशीर होऊन राहिला."

एवढंच बोलणं झालं. मी पुढची सात वर्षं हे बोलणं इतक्या वेळा ऐकलं आहे की त्यातला कुठला शब्द कुणाच्या कुठल्या सुरात होता ते मला डोळे मिटून सांगता येईल. ती रागानं म्हणाली नव्हती. आठवण करून दिल्यासारखं म्हणाली होती.

पुढे दिवाळीच्या सुमारास आम्ही पुन्हा भोकरला निघालो. दिवसाउजेडी. ते वळण आलं आणि माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. डांबराच्या कडेला शेंदूर लावलेले पाच दगड रांगेत उभे होते. चार बारके आणि एक मोठा, अर्धगोल. वर फुलं, खाली नारळाच्या करवंट्या, एक लोखंडी दिवा. पुढे चहाच्या एका टपरीवर मी थांबलो आणि उगाच विचारल्यासारखं विचारलं.

टपरीवाला म्हणाला, "डिपरचा म्हसोबा हाय तो. रातच्याला गाडीवाले दोन डिपर मारून जातात. लई कडक देव हाय."

"आधी तर नव्हता."

"एक जण मोटरसायकलीवरनं पडला की तिथं. नांदेडला गोदामावर वॉचमन हुता, रातपाळीला चालला हुता. समोरून ट्रकवाला अप्परवर आला, ह्याला काय दिसंना, अन् रस्त्यात दगडं. गुडघा गेला. मग रातभर तिथंच पडून. मागून गाड्या येऊन राहिल्या, अन् दगडं दिसली की बाजूनं जाऊन राहिल्या. कुणाला वाटलं गाडी बंद पडली असंल, कुणाला काय. उजाडल्यावर लोकांनी उचलला. तो म्हणतो, दगडांनीच पाडलं अन् दगडांनीच राखलं."

"दगडं कुणाची होती?"

"कुणाची म्हणजे?" तो माझ्याकडे बघून हसला. "देवाची."

मी चहा अर्धा टाकून उठलो. गाडीत येऊन बसलो तर बायकोनं सगळं ऐकलं होतं. काच खालीच होती. ती म्हणाली, "चला."

त्यानंतर किती वेळा त्या रस्त्यानं गेलो असेन. दिवसा ती जागा साधी वाटायची. रात्री नाही. कुणीतरी नवस म्हणून त्या दगडांवर रेडियमच्या पट्ट्या चिकटवायला सुरुवात केली होती, ट्रॉलीच्या मागे लावतात तशा, लाल आणि पिवळ्या तुकड्यांच्या. आधी मोठ्या दगडावर दोन, मग बाकीच्यांवरही. वळण घेतलं की हेडलाइटचा उजेड आधी झाडांवर पडायचा, मग रस्त्यावर, आणि मग अंधारातून एकदम दहा डोळे उघडायचे. सगळ्यांत मोठे दोन अर्धगोलाच्या मधोमध. गाडी सरळ होईपर्यंत ते माझ्याकडे वळत राहायचे. रेडियम कुठूनही बघितलं तरी उजेड परत त्याच गाडीकडे फेकतं, हे मीच मुलांना शिकवतो. तरी घाम यायचा.

आणि मी दोन डिपर मारायचो. सगळेच मारायचे. एकदा मी मारले नाहीत. मुद्दाम. पुढच्या चार-पाच किलोमीटरमध्ये मी सारखा आरशात बघत होतो. मागे काहीच नव्हतं, फक्त अंधार. बायकोनं हळूच तिचा हात माझ्या हातावर ठेवला आणि स्वतःच डिपरची कांडी दोनदा ओढली. रस्त्यावर समोर कुणीच नव्हतं. कुणासाठी ओढली हे दोघांनाही माहीत होतं.

तिनं कधी मला त्या रात्रीबद्दल विचारलं नाही. भांडणातसुद्धा नाही. भांडणात तिला माझं काय काय आठवतं, पण हे कधी निघालं नाही, आणि ते न निघणं हळूहळू घरात एखाद्या वस्तूसारखं झालं, जिच्याकडे न बघता आपण बाजूनं जातो.

गेल्या वर्षी एका शुक्रवारी मी रात्रीचे नियम सांगत होतो. जवळच्या मुरुडची एक मुलगी बॅचला होती, रोज एसटीनं यायची. वडिलांचा पिकअप चालवायचा म्हणून शिकत होती. वही घेऊन लिहायची. मी म्हटलं, "दगड मांडायचे नाहीत. दगडाला लाइट नसतो. त्रिकोण ठेवायचा." सगळे हसले. तिनं पेन थांबवून विचारलं, "पण सर, लोक मांडतातच की. मग गाडी गेल्यावर ते दगड कोणी काढायचे? पुस्तकात काय लिहिलंय?"

पुस्तकात काहीच लिहिलेलं नाही. मी पुस्तक उघडून बघितल्यासारखं केलं. पाठीमागून एक जण म्हणाला, "ज्यानं ठेवले त्यानं. अजून कोण?" पुन्हा सगळे हसले. मी बॅच लवकर सोडली.

रात्री जेवताना बायकोला म्हटलं, "मी भोकरला जाऊन येतो. त्या पडलेल्या माणसाला सांगून येतो."

ती भाकरी मोडत होती. थांबली नाही. म्हणाली, "जा."

"तू येतेस?"

"मी माझं त्याच रात्री सांगून मोकळी झाले होते."

निघताना खिळ्यावरचा त्रिकोण काढून मी गाडीत टाकला. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदा गाडीत बसला होता.

त्या वळणावर पोचलो तेव्हा दिवस मावळला होता. गाडी रस्ता सोडून पलीकडच्या सपाट जागेत उभी केली, पार्किंग लाइट लावले. तो माणूस तिथंच होता. पन्नाशीचा असेल, माझ्याच वयाचा. एक पाय न वाकवता लांब करून बसला होता, शेजारी काठी. दिव्यात तेल घालत होता. त्याचं गाव तिथून जवळ होतं, रोज दिवेलागणीला तो येऊन बसतो हे मला कळलेलं होतं. मी दगडांपासून दोन हात अंतरावर बसलो.

"कुठले पाव्हणे?"

"लातूर."

"नवस हाय का?"

"नाही. मामा, एक सांगायचं होतं." वयाचा फरक नसताना मी त्याला मामा का म्हटलं, माहीत नाही. त्या क्षणी तो मला मोठा वाटला. "ही दगडं मी ठेवली होती. गाडी बंद पडली होती माझी. निघताना काढली नाहीत."

त्यानं तेलाची बाटली खाली ठेवली. मला वाटलं होतं तो काठी उगारेल किंवा रडेल. तो हसला.

"तुम्ही बी?"

मला कळलं नाही.

"तुम्ही सातवे हायेत. पयला देगलूरचा जीपवाला आला हुता, पाया पडला. मग एक नायगावचा ट्रॅक्टरवाला. मग एक म्हातारा, त्याच्या पोराची गाडी बंद पडली हुती म्हणं. सगळ्यांची एकच गोष्ट. गाडी थांबली, दगडं लावली, निघून गेलो. कुणाला वळण आठवतंय तर रात आठवंना, कुणाला रात आठवतीय तर वळण न्हाई." तो दिव्याची वात बोटानं सारखी करू लागला. "ह्या मुलखात दगडं सोडून न गेलेला माणूस हाय का कुणी? ज्याला त्याला वाटतं, आपलीच असतील. जावा. नारळ फोडा अन् जावा."

खरं सांगतो, मला हलकं वाटलं. सात वर्षांचं ओझं सहा जणांत वाटलं गेल्यासारखं. मी तेव्हाच उठलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती. एक ट्रक गेला. त्याच्या दोन डिपरमध्ये पाचही दगड उजळले आणि विझले. मोठ्याकडे बघून माझ्या तोंडून निघालं, "त्यातलं एक जातं आहे. अर्धं."

तो त्या दगडाकडे वळला.

शेंदराचे इतके थर चढले होते की तो दगड नुसता गोलसर लाल ढीग दिसत होता. मधलं भोक बुजलं होतं. बघून कुणालाही ते जातं आहे असं कळलं नसतं. त्यानं काठीच्या टोकानं मधोमध खरवडलं. शेंदराची खपली निघाली. मग बोट घातलं. बोट अर्ध्या गोलातून फिरलं.

"हे त्या सहातल्या एकानं बी सांगितलं न्हाई," तो म्हणाला.

बोट तिथंच ठेवून तो बोलला तेव्हा आवाज अगदी साधा होता, आणि तेच मला सहन होत नव्हतं.

"गुडघा ह्याच्यावरच आपटला. त्या राती ह्याला धरूनच पडलो हुतो. गाडी मागनं आली की ह्याच्यामागं डोकं खाली करायचो. मला वाटायचं, कुणीतरी मोठ्यानं हे मांडून ठेवलंय. पाडायचं बी त्याच्या मनात हुतं अन् राखायचं बी. माणसाचं कळत न्हाई, देवाचं कळून काय करायचं. तेवढ्यावर माझं चाललं हुतं." त्यानं बोट काढून धोतराला पुसलं. "ते सहा जण आले, मला काय वाटलं न्हाई. त्यातला कुणी खरा नव्हता. तुम्ही खरे निघाले."

"माफ करा, मामा."

"बायको संगं हुती का?"

"होती."

"ती काय म्हणली?"

मी खोटं बोलू शकलो असतो. "दगडं काढा म्हणाली."

त्यानं मान हलवली, हिशेब जुळल्यासारखी नाही, तर दुखत असलेल्या जागी कुणी पुन्हा बोट ठेवल्यासारखी. मग म्हणाला, "उचला."

"काय?"

"तुमचं तुम्ही घेऊन जा. जातं."

"आणि बाकीची चार? ती पण माझीच..."

"ती देवाची राहू द्या. मला बसायला काहीतरी पाहिजे का न्हाई?"

मी ते जातं उचललं. शेंदूर आणि तेलानं ते निसटत होतं. रस्ता ओलांडून नेताना दोन गाड्या थांबल्या, ड्रायव्हर बघत राहिले. देव उचलून नेणारा माणूस त्यांनी पाहिला नसेल. तो जागचा उठला नाही. मी जातं डिकीत टाकलं आणि त्रिकोण घेऊन परत आलो. पिशवीतून काढून, पाय उघडून, जात्याच्या रिकाम्या जागी उभा केला.

"हे काय?"

"उजेड पडला की लांबून दिसतं. गाडी बंद पडली तर हे ठेवायचं असतं."

तो त्रिकोणाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "ह्याला शेंदूर लावू का?"

तो टोमणा होता की खरंच विचारत होता, मला अजून कळलेलं नाही.

परत निघालो. थोडा पुढे आलो असेन, मागच्या ट्रकनं दोन डिपर मारले. मला वाटलं, सवयीनं मारले. पण म्हसोबा तर मागे राहिला होता. पुन्हा दोन. पुन्हा दोन. आरशात तो उजेड माझ्या डोळ्यांवर येत होता आणि डिकीत जातं वळणावळणावर घसरत होतं, घर्र घर्र असं, दळताना येतो तसा आवाज. मी वेग वाढवला तसा ट्रकही आला. शेवटी एक मोटरसायकलवाला बाजूला येऊन ओरडला, "काका, मागं लाइटच न्हाई तुमच्या."

गाडी बाजूला घेतली. बघितलं तर जातं घसरून मागच्या लाइटची वायर तुटली होती, दोन्हीकडची. इंडिकेटरही गेले होते. पुढचे लाइट चालू, मागे पूर्ण अंधार. त्रिकोण म्हसोबापाशी. मेहुण्याला फोन केला. तो म्हणाला, मिस्त्रीला पाठवतो, तासभर लागेल.

डिकी उघडी होती. आत ते जातं होतं, त्यावर दोन रेडियमचे तुकडे. गाडीच्या मागे ठेवायला त्याहून चांगलं काही नव्हतं. मी हात लावला आणि काढून घेतला. माझ्यानं ते रस्त्यावर ठेववलं नाही. मग मी डिकी बंद केली आणि वीस-पंचवीस पावलं मागे जाऊन रस्त्याच्या कडेला स्वतः उभा राहिलो, मोबाइलचा उजेड मागच्या बाजूला धरून.

तासापेक्षा जास्त वेळ गेला. मोबाइलची बॅटरी संपत आली तसा उजेड मंद झाला. माझ्या हातांना आणि शर्टाला शेंदूर लागला होता. गाड्या येत होत्या. लांबून त्यांना काय दिसत असेल, कोण जाणे. एक लाल-काळी उभी आकृती, मधे एक बारका उजेड. पहिला ट्रक हळू झाला, बाहेरून वळला, आणि जाता जाता त्यानं दोन डिपर मारले. मला वाटलं, सावध करतोय. दुसऱ्यानं मारले. मग टेम्पोनं. एका गाडीत आतला दिवा लागला होता, मागच्या सीटवर एक बाई होती. गाडी माझ्या बाजूनं गेली तेव्हा तिनं काचेतून हात जोडले.

मी हलू शकलो नाही. हात हलवून सांगावं की मी माणूस आहे, असंही सुचलं नाही. त्या एका तासात तो वॉचमन रात्रभर काय धरून पडला होता, ते मला थोडंसं कळलं. फक्त थोडंसं. माझे दोन्ही पाय शाबूत होते आणि मिस्त्री येणार होता.

घरी पोचायला पहाट झाली. बायको बाहेर आली, डिकीत बघितलं. "एकच?"

"बाकीची देवाची आहेत म्हणाला."

तिनं जात्याला हात लावून तो कपाळाला नेला. मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा म्हणाली, "मी उतरून काढली असती तर? दार माझ्या बी बाजूला हुतं." आणि आत गेली. मला तोवर वाटत होतं की हे फक्त माझं आहे.

जातं आता स्कूलमध्ये आहे, रिकाम्या खिळ्याखाली, भिंतीला टेकून. नवीन त्रिकोण आणला आहे, तो गाडीत असतो. शुक्रवारी नियम संपले की मी पुस्तकात नसलेलं एक वाक्य सांगतो, की दगड ज्यानं ठेवले त्यानंच काढायचे, आणि जातं दाखवून हे सगळं सांगतो. काही मुलं हसतात. काही त्या रात्री घरी जाऊन, सांगायचं राहून गेलेलं सांगायला कुणाला तरी फोन करतात, हे मला नंतर कळतं.

शेंदूर मी साफ केला. रेडियमचे ते दोन तुकडे मात्र निघाले नाहीत. शटर ओढायच्या आधी मी दिवा बंद करतो, आणि कोपऱ्यावरून एखादी गाडी वळली की तिचा उजेड क्षणभर खोलीत येतो. खुर्च्यांच्या मागे, खाली जमिनीलगत, दोन डोळे उघडतात. मी थांबतो. मग शटर ओढतो.